कोपऱ्याचे दगड

दमयंतीने ते चर्च प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं, पण त्याचा दगड न् दगड तिच्या ओळखीचा होता. नाशिकला सिव्हिल इंजिनियर होऊन सिंगापूरला आलेली दमयंती विद्यापीठात सहा वर्षं एकच काम करत होती. जुन्या इमारतींची लेझर मोजमापं संगणकावर उलगडायची आणि कुठली भिंत कधी उभी राहिली ते शोधायचं. इंग्लंडच्या एका खेड्यातलं आठशे वर्षांचं हे चर्च तिचं पहिलं मोठं काम. मनोरा आणि सभागृह एकाच वेळी बांधलंय, भिंती एकसंध आहेत, मनोऱ्यातल्या घंटा वाजवायला हरकत नाही, असा अहवाल तिनेच दिला होता.

शनिवारी दुपारी चार वाजता सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने चर्चचं नवं मोजमाप उघडलं. दुरुस्तीसाठी मनोऱ्याच्या आतला गिलावा नुकताच काढला होता. गिलाव्याखालचे दगड तिने पडद्यावर मोठे करून पाहिले. सभागृहाच्या भिंतीच्या टोकाला मोठे, घडीव दगड होते. असे दगड इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्यालाच लावतात. म्हणजे चर्च मुळात इथेच संपत होतं. मनोरा पुढे कधीतरी येऊन त्याला नुसता टेकला होता, आणि दोघांमधल्या फटीत वरच्या बाजूला अंगठा सहज गेला असता.

तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. बाराला तिथे लग्न होतं, आणि दुरुस्तीमुळे दोन वर्षं बंद असलेल्या सगळ्या घंटा आज वाजणार होत्या.

तिने प्रकल्पप्रमुख डॉ. कोह यांना फोन केला.

"सोमवारी बघू," ते म्हणाले. "अहवाल चुकला म्हटलं तर त्यावर छापलेला आपला पेपर मागे घ्यावा लागेल. तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय."

"सर, घंटा आज वाजणार आहेत."

"तुझी खात्री आहे?"

खात्री तर तिला मागच्या वेळीही होती. तिने फोन ठेवला.

"नोकरी गेली तर इथे राहायचा पासही जाईल," ती नवऱ्याला, सारंगला म्हणाली.

"जाऊ दे. तू आधी तिकडे फोन लाव."

चर्चचा कारभार पाहणाऱ्या हॅरिएटबाई फोन उचलेनात. चारदा लावला, पाचदा लावला. साडेसहाला, म्हणजे लग्नाला अर्धा तास उरला असताना, त्यांचा आवाज आला. मनोरा भिंतीपासून सुटा आहे, घंटा वाजवू नका, असं दमयंतीने सांगितलं.

"सुरक्षित आहे असं तुम्हीच लिहून दिलंत ना?" त्या चिडल्या होत्या.

"हो, मीच. माझं चुकलं. घंटा वाजवणारे कुठे उभे असतात?"

"मनोऱ्यात. सहा जण. त्यात माझे यजमान आहेत."

मग फोनमधून फरशीवर बुटांची टकटक ऐकू आली, आणि बाईंची हाक, "खाली या! सगळे खाली या!"

मनोऱ्याखालचं दार टाळून पाहुण्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं, आणि लग्न घंटांविना लागलं. बुधवारी तिथल्या इंजिनियरने मनोरा तपासला. त्या दिवशी कदाचित काही झालं नसतं, पण घंटांचे हेलकावे तो फार दिवस सोसू शकला नसता, असं त्याने लिहिलं. मनोऱ्याला लोखंडी टेकू लागले.

पेपर मागे घेतला गेला. कोह सरांनी करार वाढवला, पण सहाच महिन्यांचा.

दमयंतीने मग आपली बाकीची चारही कामं पुन्हा उघडली. तीन बरोबर निघाली. चौथ्या इमारतीच्या भिंतींवर अजून गिलावा आहे. तो काढून पाहायची परवानगी तिने मागितली आहे.