मापात मारलं

माझ्या थोरल्या साडूनं मला मापात मारलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आणि सोलापूरच्या भुसार पेठेत सरळ मापाचा आडत्या म्हणून नाव होतं ते त्याचंच! पायलीवरची शीग, म्हणजे काठावर चढलेली धान्याची रास, त्यानं कधी हातानं पाडली नाही, वर मूठभर जोंधळा जास्तच टाकायचा.

खोकला त्याला जन्माचा. अंगानं वाळका, उन्हाळ्यात घाम सुकला की काळ्या टोपीवर मिठाची पांढरी रेघ उमटे. "लहानपणी याची पापी घेतली की ओठ खारट व्हायचे," असं त्याची आई सांगे. त्याच्या आडतीवर मी जोंधळा घ्यायचो. घासाघीस करून मी भाव बोलावा आणि यानं नेमकं तेव्हाच खोकावं. शेतकऱ्याला वाटे, आडत्यासुद्धा हसला! तो पोत्याचं तोंड बांधू लागे. मी भडकायचो.

"माझा भाव ऐकून खोकता व्हय?"

"मला पटला की, साडू. खोकल्याला न्हाई पटला."

दिवसातून किती वेळा खोकता, असं एकदा डॉक्टरनं विचारलं. हा म्हणाला, "मोजून काय कळनार, डाक्टरसाहेब? खोकल्यानं काय नेलं ते मापा." पेठेतलीच मापं त्यानं खोकल्याला लावली होती. हातातला चहा सांडला तर चिपटं. बोलणं मधेच तुटलं तर शेर. कीर्तनात शेजारचा माणूस क्षयाच्या भीतीनं उठून लांब बसला तर पायली. हे माप सांगताना मात्र तो हसत नसे. रात्रभर बायको पाठ चोळत बसली, तर खंडी. मी रोज दुकानात शिरताच विचारायचो, "आज किती?" शेराच्या वर गेलं की मी गाव सोडत नसे, मग सौदा बुडाला तरी बेहत्तर.

मंगळवेढ्याला मोठी खरेदी ठरली होती. त्या सकाळी त्यानं गादीवरूनच सांगितलं, "चिपटंभर. जावा बिनघोर."

मी गेलो. सौदा मारून परत आलो, तर त्याच्या दारात माणसं खाली माना घालून बसलेली.

मेहुणी म्हणाली, "दाजी, त्या दिशी खंडी हुती. खरं सांगितलं असतं तर तुमी थांबला असता की. म्हनून चिपटं म्हनले."

कीर्तनात आजही मी माझ्या शेजारची जागा कुणाला देत नाही. त्याच्याजवळून सगळे उठले. मी एकदाही उठलो नव्हतो. साडू, परक्या गिऱ्हाइकाला शीग लावून माप दिलंत, आणि मला एवढं खोटं? याचा जाब मला पाहिजे.