वाया जाणारे मार्क

अजितची बातमी आली तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात नळाचे वॉशर निवडत होतो. फोन मेधाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "तू लगेच ये. अजित सकाळी तळ्याभोवती फिरायला गेला होता, तिथेच पडला… हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं सगळं." मी वॉशर खोक्यात परत टाकले आणि निघालो. मेलबर्नच्या ट्रुगानिना भागात आम्हा दोघा मित्रांची घरं एका गल्लीच्या अंतराने आहेत. त्याची मुलगी सई बारावीला होती आणि परीक्षा जेमतेम महिन्यावर आली होती. घरात शिरलो तर डायनिंग टेबलावर तिची केमिस्ट्रीची पुस्तकं उघडी पडलेली. ती उचलावीत की तशीच राहू द्यावीत, हे जमलेल्या माणसांपैकी कोणालाच ठरवता येत नव्हतं.

बारावी हा अजितचा विषय होता. पुण्यात सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज त्याचं दोन मार्कांनी हुकलं आणि तो दुसऱ्या गावच्या कॉलेजातून सिव्हिल झाला. मेलबर्नला येऊन त्याने उत्तम काम केलं. आमच्या भागातलं पावसाचं पाणी आज जिथून वाहून जातं, त्यातले कितीतरी नाले त्याने आखलेले आहेत. तरी ते दोन मार्क त्याने सोडले नव्हते. वाढदिवस असो, सत्यनारायण असो, कुणाचं मूल बारावीला आहे कळलं की हा प्लेट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. नवीन आलेल्या आईबापांना इथली बारावीची रँक म्हणजे टक्के वाटतात. अजित त्यांना समजावायचा, "नव्वद म्हणजे नव्वद टक्के नव्हेत हो. शंभरातल्या नव्वदांना मागे टाकलं, असा अर्थ." तो हे फार छान समजावायचा. पुढची चूक मात्र तो स्वतःच करायचा, आणि ती आपल्याच लोकांत मी पाहिली आहे. नव्वद मिळवणाऱ्या मुलाने सत्तरला प्रवेश देणारा कोर्स घेतला, तर वरचे वीस वाया गेले, असं त्याला मनापासून वाटे. जणू दुकानदाराकडे सुटे पैसे विसरून आलो.

सईच्या बाबतीत हा प्रश्न सप्टेंबरात दारात येऊन उभा राहिला. क्वीन्सलंडमधल्या टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीने तिला नर्सिंगसाठी, एरवी सत्तर रँकला मिळणाऱ्या कोर्ससाठी, आधीच जागा देऊ केली. अकरावीचे मार्क आणि शाळेची शिफारस एवढ्यावर. बारावी फक्त पास व्हायचं होतं. तिची मावशी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. एका सुट्टीत सई तिच्याकडे राहून आली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात नर्सिंगशिवाय दुसरं काही नव्हतं. अजितच्या डोक्यात होतं. जागा स्वीकारायची मुदत ऑक्टोबरात संपत होती आणि त्याचं म्हणणं, थांब, रँक येऊ दे, मग बघू.

आमची शेवटची भेट याच वादात गेली. आमच्या मागच्या अंगणात, रविवारच्या दुपारी, बार्बेक्यूवर कणसं भाजत. मी विमा कंपनीत आकडेमोड करतो, म्हणून त्याने मला पंच केलं. "तू आकड्यांचा माणूस. तूच सांग, बारावीला किंमत आहे की नाही?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. या जागेसाठी बारावीचे मार्क मोजलेच जाणार नाहीत. दुसऱ्या बहुतेक ठिकाणी मोजले जातील, पण दारातून आत जाण्यापुरते. एक वर्ष झालं की युनीतले मार्क बघतात, शाळेचे कोणी विचारत नाही.

"म्हणजे एकदाच?"

"बहुतेकांचे एकदाच."

"माझे तर आयुष्यभर मोजले."

"कोणी रे?" मी विचारलं. त्याने कणीस उलटं केलं.

सई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, वीस मार्क वाया जातील म्हणतोस. जातील कुठे? दे आर नॉट गोइंग एनीव्हेअर."

"तू ऐंशीला जरी आलीस ना, तरी दहा वाया."

"सो शुड आय जस्ट गेट सेव्हन्टी?"

"बघ, बघ कशी बोलते," अजित मला म्हणाला, पण तो हसत होता. मग चिमट्याने सगळ्यात चांगलं भाजलेलं कणीस उचलून त्याने तिच्या प्लेटमध्ये ठेवलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढच्या शनिवारी तो गेला.

अजितचे दिवस झाले आणि चारच दिवसांत मुदत संपणार होती. पुण्याहून अजितच्या मोठ्या भावाचा फोन आला. अजितला मुलीला मोठं करायचं होतं, त्याच्या इच्छेचा मान राखा, नर्सिंग कसलं, असं ते म्हणाले. मेधाने फोन ठेवला आणि मला विचारलं, "यावर शेवटी तुझ्याशीच बोलला तो. हो म्हणाला असता ना रे?" सई समोरच उभी होती. 'हो' म्हणून टाकणं सोपं होतं, आणि ते कोणी तपासूही शकलं नसतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, मेधा. तेव्हा तरी त्याचं ठरलेलं नव्हतं." मेधा सईकडे वळली आणि म्हणाली, "ठीक आहे. त्याचं ठरलं नव्हतं, माझं ठरलंय. सई, घे ती जागा." सईने तिथेच उभ्या उभ्या फोनवरून जागा स्वीकारली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आता मार्कांना काही अर्थ उरला नव्हता, निदान प्रवेशापुरता. वडील गेलेत म्हणून सवलतीचा अर्ज करता येईल, असं शाळेने कळवलं. सईने केला नाही. परीक्षेला मात्र प्रत्येक पेपरला गेली, आणि मेधा सांगते की अभ्यासही केला. का केला, हे मी विचारलं नाही. डिसेंबरात रँक आली, ब्याऐंशी. सगळे धरून चालले होते त्यापेक्षा बरीच कमी. पुण्याचे काका फोनवर हळहळले. सई मला म्हणाली, "काका, बाबा असता तर खूश झाला असता. बाराच वाया गेले." ती आणि मेधा दोघी हसल्या, आणि मग मेधा उठून स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या महिन्यात सई निघेल. टूवूंबात बस कमी, गाडीशिवाय चालत नाही. म्हणून अजितची गाडी तिच्याबरोबर जाणार आहे. लायसन्सची परीक्षा अजून व्हायची आहे. मेधाला शेजारी बसवत नाही, म्हणून संध्याकाळी सरावाला मी जातो. पहिल्या दिवशी बसलो तर उजव्या पायाखाली काहीतरी वेगळं लागलं. वाकून बघितलं. गाडीतली मॅट तशी नवी आहे, पण शेजारच्या सीटसमोर एका जागी ती टाचेएवढी घासून पार गुळगुळीत झाली होती. सईने माझ्याकडे बघितलं. "तो बाबाचा ब्रेक आहे," ती म्हणाली. "तिकडे ब्रेक नसतो हे त्याला माहीत होतं. तरी मी चालवताना प्रत्येक वळणावर दाबायचा."

मी सरळ बसलो. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर काढली. पुढे राउंडअबाउट आलं. उजवीकडून एक ट्रक जरा जोरातच येत होता. सईने तो वेळेवर बघितला आणि वेग कमी केला, सगळं नियमाप्रमाणे. तरी माझा पाय त्या गुळगुळीत जागी जाऊन घट्ट दाबला गेला होता.