आष्टीच्या कार्यक्रमाची बातमी

आष्टीच्या आठवडी बाजारात त्या गाणाऱ्या पोराचा कार्यक्रम झाला तेव्हा मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात त्याची बातमी आली. ती मी लिहिली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

गाण्याची एक ओळ म्हणून झाली की तो समोरच्या वस्तूवर बोटाने दोनदा ठोकायचा आणि विचारायचा, "बराबर?" समोर टेबल असो, सायकलची सीट असो, नाहीतर माझा जेवणाचा डबा.

जालन्यातल्या नवीन जालना भागात बियाण्याच्या एका गोदामात तो पिशव्या शिवायच्या मशीनवर कामाला होता. मशीनच्या ठेक्यावर शब्द बसवायचा. टीव्हीवर पाहिलेलं रॅप त्याने इथल्या बोलीत आणलं, तेही येशूच्या नावाने. पाठीशी कंपनी नव्हती, चर्चही नव्हतं. घरच्या टेपरेकॉर्डरवर एकेक कॅसेट भरायचा आणि कव्हरवर गाण्यांची नावं हाताने लिहायचा.

नाताळची बातमी घ्यायला मी गेलो होतो, तेव्हा चर्चच्या आवारात त्याने एक गाणं म्हणून दाखवलं.

"बाटली म्हणते बस ना गड्या, पोरगी म्हणते घरी ये;
येशू म्हणतो ऊठ लेका, आधी तोंड धुऊन घे!"

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "देवाशी भांडून राह्यला का रे?"

"न्हाई आजी. देवाच्या बाजूनं भांडून राह्यलो."

आजी हसल्या. पाळक हसले नाहीत.

आष्टीचा बाजार हा त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम. आठवडाभर आधी तो पत्रक घेऊन आमच्या जालन्याच्या कार्यालयात आला. पत्रकात शेवटची ओळ होती: 'समारोप सामूहिक प्रार्थनेने'.

त्या काळी आमच्या बातम्या पाकिटात घालून दुपारच्या एसटीने छपाईसाठी औरंगाबादला जात. संध्याकाळच्या लहान कार्यक्रमाची बातमी पत्रकावरून दुपारीच लिहून ठेवायची, हा आम्हा बातमीदारांचा आपसातला रिवाज होता. या धंद्यातल्या वाचकांना हे नवीन नाही. मी लिहिलं, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला. अखेरीस उपस्थितांनी सामूहिक प्रार्थना केली.'

प्रार्थना झालीच नव्हती. "गाण्यात देव असू दे, पण लोकांना हात जोडायला लावू नको," या अटीवर सरपंचांनी परवानगी दिली होती. त्याने ती पाळली. उरलेल्या प्रत्येक पत्रकावरची शेवटची ओळ त्याने पेनाने खोडली होती. माझ्याकडचं पत्रक त्याआधीचं होतं.

बातमी आली त्याच दिवशी तो खोडलेलं पत्रक घेऊन आला.

"साहेब, तुम्ही आल्ते का आष्टीला?"

"नाही."

"मंग प्रार्थना कोणी पाह्यली?"

मी खोडलेली ओळ पाहिली. तो म्हणाला, "सरपंच शेवटपर्यंत थांबले न्हाई, आता पेपर वाचून म्हणून राह्यले, मी शब्द मोडला. पुढचा कार्यक्रम भोकरदनच्या बाजारात हाय, तिथले पण पेपर वाचून बसलेत. दोन ओळी छापा. प्रार्थना झाली न्हाई, एवढंच."

"खुलासा देतो," मी म्हणालो.

दिला नाही. खुलासा पाठवला असता तर मी हजर नव्हतो हे वृत्तसंपादकांना कळलं असतं.

भोकरदनच्या बाजारातला कार्यक्रम रद्द झाला. नकाराच्या पत्राला आमच्या बातमीचं कात्रण जोडलेलं होतं. ते त्याने मला दाखवलं. मी त्याला सांगितलं, "न पाहता लिहिलं, असं सांग ना त्यांना. माझं नाव घे."

"तुमची नोकरी जाईल ना."

"मग तुझं काय?"

"माझं मशीन हाय," तो म्हणाला. या वेळी त्याने टेबलावर ठोकलं नाही.

त्यानंतर तो आणखी एकदा आला. दारातूनच म्हणाला, "आला का खुलासा?" मी नकारार्थी मान हलवली. "बरं," म्हणाला आणि गेला.

पुढे तो जेवणाच्या सुट्टीत गोदामात हमालांसमोर गायचा, असं तिथल्या मुकादमाने मला सांगितलं. जिल्ह्यात त्याचा जाहीर कार्यक्रम पुन्हा झाल्याची बातमी माझ्याकडे आली नाही. काही वर्षांनी त्याने जालना सोडलं. मुकादम म्हणाला, तो नगरला गेला. चर्चमधल्या आजी म्हणाल्या, नागपूरला. कशाचीही खात्री झाली नाही.

नोकरी सोडताना मी त्या वर्षाची फाइल काढून पाहिली. बातमी चौथ्या पानावर आहे. खुलासा कोणत्याही अंकात नाही.