सतरा वेळा नाही

वरणगावच्या दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमध्ये संघपाल सुरवाडे यांनी तेहतीस वर्षं काढली आणि तेहतीस वर्षांत एकही पेटी उघडली नाही. उघडायचीच नसते. पेटीवर जे रंगवलेलं असतं ते वाचायचं. क्रमांक काय, वजन किती, बांधली कधी, ताबा कोणाचा, हात कोणी लावायचा आणि कोणी नाही. दुसरा एखादा याला वर्षभरात कंटाळला असता. संघपालभाऊंना मात्र त्याचं वेडच लागलं. बायकोनं, रोहिणीवहिनींनी, डबा भरून हातात दिला की ते आधी तो तोलून बघायचे आणि म्हणायचे, "आज तीन पोळ्या, भाजी सुकी." बरोबर निघायचं, हे विशेष.

निवृत्त झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. माल, वजन, भरल्याची तारीख. हिंगाच्या डबीवरसुद्धा. रोहिणीवहिनींनी एक दिवस सरळ सांगून टाकलं, "हे बघा, एक तर या घरात मी राहीन, नाहीतर तुमचं स्टोअर." मग भाऊ रोज सकाळी जळगावला पुतणीच्या ऑफिसात जाऊन बसू लागले. घरी रुक्माबाई होती, त्यांची शहाऐंशी वर्षांची आई. ती म्हणाली, "बरं झालं, घर मोकळं झालं."

पुतणी म्हणजे वृषाली. दोन खोल्यांचं ऑफिस, तीन कॉम्प्युटर, आणि काम लोकांच्या वेबसाइट बनवायचं आणि सांभाळायचं. काकांना गुंतवून ठेवायला तिनं त्यांना पीएचपी शिकवायला घेतलं. ही सर्व्हरवर चालणारी एक भाषा. भाऊंना तिच्यातलं बाकी काहीच जमलं नाही. पानं रंगवणं, बटणं, फॉर्म, सगळ्यावर पाणी. पण एक दिवस वृषालीनं सहज दाखवलं की फाइल न उघडता तिच्याबद्दल विचारता येतं. तू आहेस का? तुझं वजन किती? तुला शेवटचा हात कधी लागला? मालक कोण? वाचायची मुभा कोणाला? एकेका प्रश्नाला एकेक ओळ.

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "अगं, हे तर माझंच काम आहे," म्हणाले.

तेव्हापासून साठी ओलांडलेला हा माणूस सर्व्हरवरच्या फाइलींची विचारपूस करत बसायचा. कोणती फाइल सगळ्यांत जड, कोणती दहा वर्षं तशीच पडून, कोणती काल दुपारी बदलली. हाती काय लागायचं म्हणाल तर काही नाही. नुसतं कुतूहल. पण वृषालीला त्याचा उपयोग होऊ लागला, आणि हे तिनं काकांना कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी ऑफिसातल्या पेनांवरही पट्ट्या लावल्या असत्या.

मार्च महिन्यात धुळ्याच्या एका संस्थेचं काम आलं. संस्थेनं पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत फिरून रानातल्या औषधी झाडपाल्याची माहिती गोळा केली होती. फोटो, टिपणं, आणि जाणत्या बायकांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग. आता जुना सर्व्हर बंद होणार होता. शनिवारी संध्याकाळी सहाला त्यावरचं सगळं पुसलं जाणार, त्याआधी सामान नव्या सर्व्हरवर हलवायचं. भाऊंनी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. वेबसाइटच्या पानांवर ज्या ज्या फाइलीचं नाव आहे ती खरंच आहे का, हे ती एकेकीला विचारत जायची. दोनशे बारा वेळा उत्तर आलं, आहे. सतरा वेळा आलं, नाही.

"सतरा गेल्या म्हणजे फार नाही," वृषाली म्हणाली. "दहा वर्षांत उडाल्या असतील कधीतरी. आहेत तेवढ्या नेऊ आणि त्या सतरांची नावं पानावरून काढून टाकू."

गुरुवारी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, खांद्यावर पिशवी, पायांवर वाटेतली धूळ. चोपडा तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून पहिली गाडी धरून आला होता. नाव नवल. धुळ्याच्या संस्थेत फोन केला तेव्हा त्याला हा पत्ता मिळाला. त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर संस्थेचं पान होतं आणि त्यावर लिहिलं होतं, भागाबाई, वनौषधी.

"माझी आई," तो म्हणाला. "सरांनी तिचं बोलणं भरून घेतलं होतं. आठ वर्षं झाली तिला जाऊन. घरी तिचा आवाज कुठेच नाही, तेव्हा कोणाकडे असले फोन होते? माझी मुलगी विचारते, आजी कशी बोलायची? हे दाबलं तर काहीच वाजत नाही."

वृषालीनं यादी बघितली. सतरांमधलं नववं नाव. "दादा, ती फाइल नाही हो सर्व्हरवर."

"नाव तर आहे."

"नाव आहे. फाइल नाही."

नवलनं ते पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग "बरं" म्हणाला, मोबाइल खिशात ठेवला आणि चोपड्याची गाडी किती वाजता असते ते विचारू लागला.

ते "बरं" ऐकलं आणि संघपालभाऊंनी मान वर केली. हेच "बरं" त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. त्यांना एक मोठी बहीण होती, सविता. तापानं गेली, नऊ वर्षांची होऊन. तेव्हा भडगावच्या पुढे गिरणा नदीच्या काठी, मूळ गावी राहायचे सगळे. पोरीचा फोटो नाही, कागद नाही, काही नाही. दोन वर्षं शाळेत गेली होती, म्हणून रुक्माबाई शाळेत गेली. पोरीचं नाव कागदावर लिहून द्या, एवढंच तिला हवं होतं. सोबत छोटा संघपाल. शाळेच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून तिनं विचारलं, कारण त्या गावात त्या काळी तिच्या जातीला त्या पायरीच्या वर चढता येत नव्हतं. आतून उत्तर आलं, नाव नाही. "बरं," म्हणून ती परत फिरली. पुन्हा कोणी विचारलं नाही. ज्या बहिणीच्या नावाची साधी चिठ्ठीसुद्धा कुठे नाही, तिचा हा भाऊ आयुष्यभर पेट्यांवरचं वाचत राहिला.

"नवलभाऊ, बसा," ते म्हणाले. "गाडी काय, तासातासाला असते. वृषाली, चहा सांग."

"काका, ती फाइल खरंच..."

"सांग तर."

चहा येईपर्यंत भाऊंनी ती सतरा नावं पुढ्यात घेतली. आता स्टोअरमध्ये कसं असतं, दोनशे पेट्यांतल्या सतरा इकडच्या तिकडच्या कमी भरल्या तर चोरी तरी असते किंवा मोजणारा तरी गाढव असतो. पण सतराच्या सतरा एकाच रांगेतल्या असल्या तर आधी त्या रांगेचं दार बघायचं. त्यांनी बघितलं. सतराही फाइली एकाच फोल्डरातल्या होत्या. फोल्डरचं नाव, आवाज.

मग त्यांनी फाइलींना विचारायचं सोडलं आणि फोल्डरला विचारलं. आहेस का? आहे. मला वाचू देतोस का? नाही. मालक कोण? एक हजार चार नंबरचा. परवानगी काय? सातशे.

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. "वृषाली, जरा इकडे ये. हे सातशे काय आहे?"

ती कप हातात घेऊनच आली आणि बघताच कप खाली ठेवला. "तीन आकडे असतात, काका. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटातल्यांचा, तिसरा बाकी सगळ्या जगाचा. सात म्हणजे सगळी मुभा, शून्य म्हणजे काहीच नाही. या फोल्डरात मालकाखेरीज कोणाला पाऊल टाकता येत नाही."

"मग मला सतरा वेळा नाही कोणी सांगितलं?"

"वेब सर्व्हरनं. तुमची स्क्रिप्ट त्याच्या नावावर चालते. तो मालक नाही."

"म्हणजे तो बाहेर उभा आहे."

"हो."

"आणि बाहेर उभा राहून सांगतोय की आत काही नाही."

"त्याला आत जाताच येत नाही ना, म्हणून." वृषाली जरा ओशाळली होती. "ही भाषाच तशी आहे. फाइल नसली तरी नाही म्हणते, आणि तिथवर पोचता आलं नाही तरी नाहीच म्हणते. हे मी बघायला हवं होतं."

 नवलचा चहा गार होत होता, त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

एक हजार चार नंबरचा मालक कोण, हे धुळ्याला फोन केल्यावर कळलं. अभिमन सर. पाड्यापाड्यावर फिरून रेकॉर्डिंग करणारे तेच. निवृत्त होऊन आता सुरतेला मुलाकडे राहत होते. वृषालीनं नंबर मिळवून लावला, तर सर आधी गोंधळले आणि मग त्यांना आठवलं. "हो हो, मीच बंद केलं होतं. कोणीतरी आमची रेकॉर्डिंगं उचलून भलतीकडे लावली होती. मी त्या बायकांना शब्द दिला होता, घरच्यांना विचारल्याशिवाय तुमचं बोलणं कोणाला देणार नाही म्हणून. आणि नंतर मीच निघून आलो. विसरलोच बघा."

"भागाबाईंच्या घरचे इथे समोर बसलेत, सर," वृषाली म्हणाली.

"नवल का? मग उघडा की. विचारता काय? बाकीच्या सोळा घरांना मी स्वतः फोन करतो, तोवर नव्या ठिकाणी बंदच ठेवा."

सर्व्हरची मुख्य किल्ली वृषालीकडे होतीच. ती त्या किल्लीनं आत शिरली आणि काकांची तीच स्क्रिप्ट, तेच प्रश्न, एक अक्षरही न बदलता, त्या सतरा फाइलींवर पुन्हा चालवली. आहे. आहे. आहे. सतरा वेळा. भाऊ बोटांवर मोजत होते.

मग वजन विचारलं. एकेक फाइल वीस-तीस एमबीची निघाली. भागाबाईंची तीन.

"सगळ्यांत हलकी आहे," भाऊ जपून म्हणाले. त्यांना भीती वाटली की अर्धवट राहिली असेल किंवा खराब झाली असेल. आशा लावून बसवलेला माणूस, आता त्याला काय तोंड दाखवणार?

नवल पहिल्यांदा हसला. "ती कमीच बोलायची."

शेवटचा हात लागल्याची तारीख अकरा नोव्हेंबर दोन हजार सोळा. वृषालीनं आवाज मोठा केला. आधी वारा, मग कोंबडी, मग एका बाईचा जाडसर, दमदार आवाज. एकेका पाल्याचं नाव घेत होती, कशावर लावायचा ते दोन शब्दांत सांगत होती. सर काही विचारायचे, तिला ते पटायचं नाही. तिसऱ्या मिनिटाला ती बोलता बोलता थांबली आणि मागे वळून कोणावर तरी कडाडली. ती भाषा पाड्यावरची, भाऊंना समजली नाही. पण त्यात नवल हे नाव दोनदा आलं.

नवल दोन्ही हात तोंडावर धरून बसला होता. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, भाऊंना कळेना.

"शेळी," तो हात खाली घेत म्हणाला. "ती दाखवत होती तो पाला शेळी खाऊन चालली होती. मला म्हणाली, डोळे आहेत का तुला, बांध तिला." मग तळव्यानं डोळे पुसले. "पुन्हा लावा ना."

तीन वेळा लावलं. फाइल त्याच्या मोबाइलवर घातली, एका पेनड्राइव्हवर घातली, आणि भाऊंच्या आग्रहावरून पेनड्राइव्हवर चिकटपट्टीही लागली. भागाबाई, तीन एमबी, ११ नोव्हेंबर २०१६. शनिवारी सहाच्या आत सतराही फाइली नव्या सर्व्हरवर गेल्या, कुलुपासकट.

त्या संध्याकाळी भाऊंनी आपल्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवल्या. आता स्क्रिप्ट "फाइल नाही" म्हणायच्या आधी फोल्डरला विचारायची, आणि तिथेच अडली तर लिहायची, "मला आत जाता आलं नाही." वृषाली म्हणाली, "छान केलंत." भाऊ नुसते हुंकारले. त्यांचं मन कधीच गिरणेकाठी जाऊन पोचलं होतं.

सोमवारी त्यांनी घरी काही न सांगता पाचोऱ्याची गाडी धरली, तिथून भडगाव, आणि भडगावहून रिक्षा. शाळेला नवा रंग होता, ओटा तोच होता. मुख्याध्यापिका सुलक्षणा मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, अहो पंचावन्न वर्षांपूर्वीचं. तेव्हाची रजिस्टरं नसतील आता."

"नसतीलही," भाऊ म्हणाले. "नसली तर माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही बघितलंय का?"

मॅडम उठल्या. "चला, तुम्हीही या आत. दोघं मिळून बघू."

मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. दीड तास गेला. वाळवीनं खाल्लेली तीन रजिस्टरं बाजूला पडली. चौथ्याच्या मधल्या पानावर, निळ्या शाईत, अनुक्रमांक अठ्ठावीस. सविता. वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल दिनांक. शेवटच्या रकान्यात, मयत. बहिणीचं बाकी काही या जगात उरलं नव्हतं, पण तिच्यावरचं लिहिलेलं जसंच्या तसं होतं. भाऊंनी ती ओळ बोटानं तीन वेळा वाचली, पेटीवरचं वाचत तसं, डावीकडून उजवीकडे.

मॅडम उताऱ्यावर सही-शिक्का करत होत्या तेव्हा ते बाहेर ओट्यावर आले आणि घरी फोन लावला. रोहिणीवहिनींनी तो रुक्माबाईच्या कानाला धरला.

"माय," भाऊ घरच्या अहिराणीत म्हणाले, "मी आपली शाळामा शे. सवितानं नाव शे आठे. लिखेल शे."

 पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "मंग तवय 'नाव नई' का बर सांगं त्यास्नी?"

भाऊंनी खाली बघितलं. ते सगळ्यांत वरच्या पायरीवर उभे होते.

"रजिस्टर दखंच नई त्यास्नी, माय," ते म्हणाले.