प्रभावतीची योगाची वही

हवालदार मल्हारी जगदाळ्यांची बायको प्रभावती दिल्ली कॅन्टोन्मेंटात राहायला आली तेव्हा लग्नानंतरचं तिचं हे पाचवं गाव होतं. दर बदलीला तिचं काहीतरी अर्धवट राहायचं. एका गावी शिवणाचा क्लास सुटला, दुसऱ्या गावी बालवाडी. योगशिक्षकाचा वर्षभराचा कोर्स मात्र तिनं चिकाटीनं पुरा केला होता. इथं आल्यावर क्वार्टरांमागच्या गवतावर ती रोज संध्याकाळी मुलांना शिकवू लागली. आधी चार मुलं आली, वर्षभरात तीस झाली.

मुलं कशी वागतात हे ती बारकाईनं बघायची. पहिलीतल्या मुलांना श्वास रोखायला सांगितला की ती गाल फुगवून हसत सुटतात. मग तिनं त्यांना उताणं निजवून पोटावर रुमालाची घडी ठेवायला आणि श्वास घेत ती हळूहळू वर न्यायला शिकवलं. शवासनात घोरणाऱ्यांचं काय करावं, मोठ्या मुलींनी कोणत्या दिवसांत काय टाळावं, सगळं ती एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवी. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की प्राणायाम बंद, खोलीत बसून फक्त सांध्यांचे व्यायाम, हेही त्यात होतं. तिच्या लेकीला, शिवांजलीला, दमा होता, म्हणून हे पान तिनं जास्तच जपून लिहिलं होतं.

ती वही पाहून वैभवीनं तिला शाळेत शिकवायचं मनावर घ्यायला लावलं. वैभवी शेजारच्या ब्लॉकमधली, कोल्हापूरकडची, वयानं थोडी लहान. तिचा नवरा नायब सुभेदार, म्हणजे मल्हारीचा वरिष्ठ. तो पुढच्या वर्षी निवृत्त होऊन नोएडात स्थायिक होणार होता. घरात सासू बोलेल असं मराठी बोलायला दिल्लीत प्रभावतीला ही एकच मैत्रीण मिळाली होती. वैभवीनंही वीकेंडचा एक ऑनलाइन योगा कोर्स केलेला होता, पण शिकवायची हौस नाही असं ती सांगायची.

नोएडातल्या एका शाळेची जाहिरात तिनंच आणली. जवळच्या शंकर विहार स्टेशनहून मेट्रो थेट जात होती, तेव्हा प्रवासाची अडचण नव्हती. अडचण कागदांची होती. कोर्सचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा फिटनेस दाखला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचं शपथपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन आणि इयत्तेनुसार वर्षभराचा लेसन प्लॅन, तोही इंग्रजीत. प्रभावती इंग्रजी वाचायची, लिहिताना अडायची. वैभवी वही घरी घेऊन गेली आणि पंधरा दिवसांत लॅपटॉपवर सगळा प्लॅन टाइप करून आणला. त्या दिवशी चहा पिताना प्रभावतीनं तिला मनातली भीती सांगितली. मार्चमध्ये मल्हारीची बदली होईल असं कानावर आलं होतं. दुसऱ्या कुणालाच ती हे बोलली नव्हती.

पोलीस व्हेरिफिकेशन रखडलं. आधारवर साताऱ्याचा पत्ता, राहणं क्वार्टरमध्ये. त्यापायी पोलीस ठाण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. अर्जाची पावती जोडून फाईल देऊन टाकू का, असं तिनं वैभवीला विचारलं. वैभवीनं सांगितलं की तिनं स्वतः शाळेत फोन केला होता, मूळ कागदाशिवाय ते फाईल हातात घेत नाहीत. प्रभावती थांबली.

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तिथल्या मॅडमनी फाईल चाळली, लेसन प्लॅनवर थबकल्या, मग कपाटातून दुसरी फाईल काढली. हाच प्लॅन तीन आठवड्यांपूर्वी आलाय, त्या बाईंची नेमणूकही झाली, असं त्या हिंदीत म्हणाल्या. तुम्ही तो कुठून मिळवला, असंही त्यांनी विचारलं, आवाज न चढवता.

त्या दुसऱ्या फाईलवर वैभवीचं नाव होतं. मागे पोलीस व्हेरिफिकेशनच्या अर्जाची नुसती पावती जोडलेली होती. प्रभावतीनं पानं उलटली. रुमालाची घडी होती, शवासन होतं. हवेच्या पानावर लिहिलं होतं की माझ्या स्वतःच्या मुलीला दमा आहे, त्यामुळे हा नियम मी अनुभवानं सांगते. वैभवीला एकच मुलगा होता.

मूळ वही घरी आहे, आणून दाखवते, एवढंच प्रभावती म्हणू शकली. मॅडमनी मान हलवली आणि फाईल परत केली.

संध्याकाळी ती वैभवीच्या दारात उभी राहिली. वैभवीनं काही नाकारलं नाही.

"ताई, तुम्ही मार्चमध्ये जाणार. मला इथंच जन्म काढायचाय. तुमच्याकडे राहून ते वायाच गेलं असतं."

"वही नेलीस ते नेलीस," प्रभावती म्हणाली. "माझी मुलगी कशाला घेतलीस?"



मल्हारीनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो बुटाला पॉलिश करत होता. "साहेबांचं घर आहे. वाढवू नकोस," तो म्हणाला. त्या दिवशी प्रभावतीला वैभवीपेक्षाही त्याचं बोलणं जास्त लागलं.

तरी तिनं वाढवलं. वहीतल्या तारखा घातलेल्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि हिंदीत हातानं पत्र लिहून शाळेला पाठवलं. उत्तर चार ओळींचं आलं: दोघींनी मिळून काम केलं होतं असं नियुक्त शिक्षिकेचं म्हणणं आहे, नेमणूक कायम राहील, आपल्याला शुभेच्छा.

बदली मार्चमध्ये नव्हे, जूनमध्ये झाली. तोवर गवतावरचा वर्ग चालूच होता. जायच्या आठवड्यात समोरच्या क्वार्टरमधली नवी मुलगी, अर्पिता, वही मागायला आली. हा वर्ग पुढे चालवायची तिची इच्छा होती. प्रभावतीनं तिला चार संध्याकाळी बसवून सगळं तोंडी शिकवलं, एकेक आसन करून घेतलं, शंका विचारायला लावल्या. वही मात्र दिली नाही. ती सामानात बांधली गेली असं तिनं सांगितलं आणि एवढ्या लहान पोरीशी आपण खोटं बोललो याचं तिला गाडीत बसेपर्यंत वाईट वाटत राहिलं.