देसांका गव्हाने मेली नव्हती

संत निकोलाचा दिवस म्हणजे मिलोवानोविचांच्या घरचा सण. बोलावणं कुणालाच जात नाही, तरी सगळे येतात आणि दारातच उकडलेल्या गोड गव्हांचा चमचा तोंडात घालून आत शिरतात. यंदा गव्हांचं ताट धरायला एकोणीस वर्षांची तियाना उभी होती. तिचा वरचा ओठ सकाळपासून टम्म फुगला होता.

"काय गं, कुणी ठेवून दिली की काय?" शेजारच्या रादोयेनं विचारलं.

"काका, हल्ली पोरी पैसे मोजून असे ओठ करून घेतात!" मागून कुणीतरी म्हणालं. दारात हशा पिकला.

आत मासे तळणाऱ्या तिच्या आईचा, स्लावेंकाचा हात थांबला. मुरुमांसाठी डॉक्टरांनी तियानाला हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तेव्हापासून हे सुरू होतं. कधी पापणी, कधी तळहात, कधी पोटात असा पिळवटा की पोरगी जमिनीवर लोळायची. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं झाली, ढिम्म फरक नाही. मग डॉक्टर म्हणाले, परीक्षेचा ताण असेल. तुमच्या माहेरी कुणाला आहे का, असंही त्यांनी स्लावेंकाला तीन-तीनदा विचारलं. शेजारी बसलेल्या बापाला, ल्युबोमिरला, एकदाही नाही. सासरच्यांनी तर निकालच दिला होता: आई घाबरट, म्हणून पोर नाजूक.

तेवढ्यात ल्युबोमिरची म्हातारी आत्या स्तानोय्का आली. तिनं चमचा उचललाच नाही. तियानाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हा देसांकाचा ओठ आहे."

"आत्या, आज सणाचं नको," ल्युबोमिर पुटपुटला.

देसांका ही स्तानोय्काची थोरली बहीण. पोटुशी असताना माहेरच्या याच सणाला आली आणि गव्हाचा दाणा घशात अडकून गेली, असं घरात सांगत. तेव्हापासून या घरात गरोदर बाईला हे गहू देत नाहीत.

"कसला दाणा?" म्हातारी कडाडली. "तिला सकाळपासून पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. आधी ओठ, मग जीभ, मग आवाज बसला. पोट राहिल्यापासून सुजायची ती. आमच्या आईनंच सगळ्यांना बजावलं, घास अडकला म्हणा. रक्तात खोट आहे म्हटलं तर धाकटीला कोण करून घेईल? धाकटी म्हणजे मी."

स्लावेंकानं झारा खाली आपटला. चमचाभर गव्हावर सगळं ढकलून मोकळे झाले! घरातल्या बायकांना गहू नाकारले, पण खरं काय ते कुणी सांगितलं नाही. आणि पोट राहिल्यावर अंगात जे हार्मोन वाढतात, तसलेच तिची पोर रोज सकाळी त्या गोळीतून गिळत होती.

"आई," तियाना म्हणाली. आवाज घोगरा होता. "घसा जड वाटतोय."

स्लावेंकानं शेगडी बंद केली. सणाच्या दिवशी घरधनीण पाहुणे टाकून उंबरा ओलांडत नाही. तिनं तियानाचा कोट उचलला.

"अगं, लोक काय म्हणतील?" ल्युबोमिर म्हणाला. "संताची मेणबत्ती अजून जळतेय."

"जळू दे! गाडी काढ, दवाखान्यात जायचंय. आत्याबाई, तुम्हीही चला. मी सांगितलं तर भित्री बाई बोलते म्हणतील. देसांका कशी गेली ते तुमच्या तोंडून ऐकू देत. आणि तूसुद्धा त्या डॉक्टरसमोर उभा राहा, ल्युबोमिर. हे तुमच्या घरातून आलंय. तुझ्या तोंडून सांग."

पाहुण्यांनी वाट दिली. ल्युबोमिर खाली मान घालून किल्ल्या शोधू लागला.