सावत्र आयांचं वकीलपत्र

जगातल्या झाडून साऱ्या सावत्र आयांचं वकीलपत्र आमच्या घरमालकीणबाईंनी घेतलेलं आहे. ते त्यांना दिलं कुणी, असं विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्या बहुतेक अशिलांचा मुक्काम परीकथांमध्ये असतो आणि तिथून उठून सही करायला लोणखेड्याला येणं कुणालाच जमण्यासारखं नाही. तेव्हा बाईंनी स्वतःच वकीलपत्र लिहिलं, स्वतःच घेतलं, आणि गेली कित्येक वर्षं घरासमोरच्या ओट्यावर रोज संध्याकाळी त्या हा खटला चालवत आहेत. न्यायाधीश म्हणून गल्लीतली पोरं बसतात. निकाल ठरलेला असतो, पण सुनावणीला गर्दी कमी होत नाही.

मी इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहते. पहिल्या दिवशी किल्ली देताना त्यांनी तीन अटी घातल्या. पाणी सकाळीच भरून ठेवायचं, गच्चीवर मिरच्या वाळत असल्या तर कडेकडेनं चालायचं, आणि ‘सावत्र’ हा शब्द या घरात वाईट अर्थानं वापरायचा नाही. तिसरी अट मी गमतीत घेतली आणि तिथेच चुकले. पुढच्याच आठवड्यात नळाला पाणी चढेना, तेव्हा मी जिन्यातून ओरडले की वरच्या मजल्याला तुम्ही सावत्र वागणूक देता. पाणी लगेच आलं, पण रोज मिळणारा ताकाचा तांब्या चांगला चार दिवस बंद झाला. त्यांचे गुडघे धरलेले असल्यामुळे त्या जिना कधी चढत नाहीत. काही द्यायचं असलं की खालून पायरीवर उलथनं वाजवतात आणि मी खाली जाऊन घेते. त्या चार दिवसांत उलथनं वाजलं नाही आणि मला शब्दांची किंमत नीट कळली.

सारी गल्ली त्यांना मावशी म्हणते. नानांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, पहिली बायको गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. वर्षभरानं मावशी या घरात आल्या. आमच्याकडे सावत्र आईला पुष्कळदा मावशी म्हणतात, तशी ती मुलगी म्हणू लागली. तिचं ऐकून शेजारणी म्हणू लागल्या, मग दूधवाला, मग सरपंच, आणि शेवटी खुद्द नाना. नवऱ्यानं बायकोला मावशी म्हणून हाक मारलेली नवख्याला जरा चमत्कारिक वाटते, पण नाना साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, जो आकडा पुढे येईल तो मान डोलावून मान्य करण्याची त्यांना सवय. मावशींना स्वतःचं मूल झालं नाही. त्याचं त्या कधी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त गोष्टींमधल्या बायांबद्दल.

त्यांच्या वकिलीची पद्धत एकच. गोष्ट आपण ऐकलेली असते तशीच सुरू होते. एक होती मुलगी, तिची आई वारली, बापानं दुसरी बायको केली, ती फार दुष्ट. इथे मावशी हात वर करून गोष्ट थांबवतात आणि विचारतात, “अन् तिन्हा बाप काय करी ऱ्हायंता?” पोरं एकमेकांकडे बघतात. कारण कुठल्याच गोष्टीत बाप काही करत नसतो. मुलीला राखेत झोपवलं, बाप घरातच. थंडीत रानात धाडलं, तरी बाप घरातच. मावशी एकेका बापाला ओट्यावर बोलावतात आणि असे काही उलटतपासतात की आत बातम्या बघणारे नाना हळूच टीव्हीचा आवाज वाढवतात. गोष्टीची वेळ झाली की हल्ली त्यांना शेतातलं काही ना काही आठवतं. पपईच्या बागेला इतक्या फेऱ्या मारणारा दुसरा शेतकरी आमच्या पंचक्रोशीत नसेल.

आरशाशी बोलणाऱ्या राणीचा खटला मी स्वतः ऐकला आहे. राज्यात सगळ्यात देखणी कोण, हे सांगणारा आरसा कोण लागून गेला, असा मावशींचा पहिलाच मुद्दा होता. त्याला कुणी विचारलं होतं? आणि दोन बायकांत भांडण लावून देऊन तो भिंतीवर मजेत टांगलेला. त्यांच्या गोष्टीत राणी आणि मुलगी दोघी मिळून तो आरसा काढतात आणि भंगारवाल्याला देतात, आणि त्याच्या बदल्यात दोन पातेली घेतात. सफरचंदात विष घातल्याचा आरोप तर त्यांनी एका वाक्यात फेटाळला. सफरचंद शहाद्याच्या बाजारात काय भावानं मिळतं हे ज्या बाईला ठाऊक आहे, ती असं फळ वाया घालवणार नाही. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, गाडी करून त्यातून नाचायला गेलेल्या मुलीवरही त्यांचा थोडा राग आहे. तेवढ्या गंगाफळात एका लग्नाची भाजी झाली असती, असं त्यांचं म्हणणं.

या मुलीच्याच गोष्टीत, म्हणजे काचेच्या बुटाच्या, त्यांची वकिली सर्वांत रंगते. राजपुत्र बूट घेऊन घरोघर हिंडतो आणि एका सावत्र आईच्या दाराशी येतो, तेव्हा ती त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करते. ती त्याला म्हणते, “रातभर नाचना अन् तिन्हं तोंड याद नई? पाय याद शे?” पोरी खिदळतात. ज्याला पोरीचं तोंड लक्षात राहत नाही त्याला पोर देऊ नये, असा कायदाच मावशींनी ओट्यावर मंजूर करून घेतला आहे. मात्र एक गोष्ट मला बरीच उशिरा ध्यानात आली. तो बूट शेवटी पायात जातो की नाही, हे मावशी कधी सांगत नाहीत. गोष्ट तिथवर आली की त्यांना चुलीवरचं दूध आठवतं. “थांबा, दूध देखी येस,” म्हणून त्या उठतात आणि परत येतात त्या वेगळी गोष्ट घेऊन. दूध बहुतेक वेळा तापवायला ठेवलेलंच नसतं.

त्यांची कीर्ती वाढली तेव्हा गावातल्या एका शाळेनं त्यांना बालसभेला बोलावलं. मावशी नवं लुगडं नेसून गेल्या, दोन बापांना उभे-आडवे सोलून आल्या आणि टाळ्या घेऊन परतल्या. दुसऱ्या दिवशी पालकांची तक्रार आली. त्या संध्याकाळी घरोघरी पोरं बापासमोर उभी राहिली होती आणि आई भांडी घासत असताना तुम्ही काय करत होता, असं विचारत होती. हेडमास्तरांनी मावशींना परत बोलावलं नाही. त्यांच्याही घरी तो प्रश्न विचारला गेला होता, असं म्हणतात.

एवढी सगळी हुशारी असलेल्या या बाईचा एक दावा मात्र वर्षानुवर्षं तारखेवरच पडलेला होता. ज्यांना खानदेश ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. माहेराहून भाऊ किंवा बाप मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो, लेकी घरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी खातात. मावशींची मुलगी सुरतेला दिलेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा मामा तिला न्यायला गेला. आई नाही त्या मुलीचं माहेर मामाकडे, असा त्यानं अर्थ लावला आणि तोच रिवाज पडला. आखाजी मामाकडे, आणि परतताना एक दिवस इकडे, पाहुणी आल्यासारखी. मावशींनी कधी तक्रार केली नाही. त्या दर आखाजीला पितरांच्या घागरी भरताना नानांच्या पहिल्या बायकोच्या नावाची घागर स्वतःच्या हातानं भरतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेतात, आणि गल्लीतल्या पोरी झोका घेतात. पुरणपोळीचं एक ताट वर माझ्याकडे येतं, कारण मीही आखाजीला कुठे जात नाही. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि भाऊ नाही. आपण दोघी या दिवशी घरीच, असं मावशी एकदा म्हणाल्या होत्या. तेवढंच. पण त्या दिवशी त्या ओट्यावर गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यांना लेक घरी यायला हवी आहे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे.

बदल झाला तो नातीमुळे. मावशींना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो हे कळल्यापासून त्यांनी सुरतेला गोष्टी धाडायला सुरुवात केली होती. नात शाळेच्या रिक्षात, जेवताना, झोपताना त्याच ऐकायची. गेल्या वर्षी तिनं हट्ट धरला की आखाजीला मला तो ओटा बघायचा आहे. म्हणून मामाला फोन करून लेक सरळ इकडे आली. मावशी त्या दिवशी घरात इतक्या फिरल्या की गुडघ्यांचं दुखणं खोटंच असावं असा मला संशय आला.

संध्याकाळी नातीनं काचेच्या बुटाची गोष्ट मागितली. ओटा भरला. राजपुत्र दारात आला, पोरी खिदळल्या, आणि मावशी दूध बघायला उठू लागल्या. तेव्हा लेकीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “मावशी, बठ. फुढलं मी सांगस,” ती म्हणाली. “तुन्ही गोष्टमझारनी पोर भलती गुनी शे. तशी कोनी नई ऱ्हास. मीबी नव्हतू.”

आणि तिनं सांगितलं. एका घरात नवी आई आली. ती राक्षसीण नव्हती, पण वेणी घालताना केस फार ओढायची, आणि कामाच्या घाईत एकदा तिनं मुलीला फटकाही मारला. मुलगीही कमी नव्हती. ती वरणात मूठभर मीठ टाकून ठेवायची. मग एक दिवस तिनं नव्या आईची एक चप्पल लपवून ठेवली. चप्पल सापडली नाही की बाई वैतागेल आणि आपल्या गावी निघून जाईल, असा तिचा हिशोब. पण एका चपलेवर गावाला जाणार कशी, हे तिच्या ध्यानात आलं नाही. बाई काही गेली नाही. ऐन चैत्रात अनवाणी पाणी भरत राहिली आणि चप्पल कुठे गेली म्हणून कुणालाही विचारलं नाही. मुलगी रोज घाबरत होती, की आता विचारेल, आता बापाला सांगेल. पुढे ती शाळा संपली, दुसरी सुरू झाली आणि ती विसरूनच गेली.

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, “चप्पल बाजरीनी कोठीमझार व्हती. माले ठाव व्हतं.”

“मंग काढी का नई?”

“मी काढती तं तुले वाटतं, चोरी धराई गई. तू काढशी म्हनीसन वाट देखी ऱ्हायंतू.”

लेक हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मला वर माझ्या खोलीत निघून जावंसं वाटलं, पण मी थांबले. तेवढ्यात नातीनं आपली रास्त शंका काढली. तिनं दाराकडे वळून विचारलं, की तेव्हा नाना काय करत होते. त्या दिवशी कधी नव्हे ते नाना दारातच उभे होते, पपईच्या बागेला न जाता. सगळा ओटा त्यांच्याकडे बघू लागला. नाना गोंधळले. मग त्यांनी कबूल केलं, की बायको अनवाणी हिंडते हे पाहून ते गुपचूप शहाद्याला नवी चप्पल आणायला गेले होते. आणली ती दोन बोटं आखूड निघाली. ते म्हणाले, “माले तिन्हं तोंड याद व्हतं. पायनं माप नई.”

पोरी अशा हसल्या की निंबावरचे कावळे उडाले. मावशी लगबगीनं उठल्या आणि दूध बघायला आत गेल्या. त्या दिवशी दूध खरंच चुलीवर होतं आणि उतूही गेलं होतं.

लेक निघाली तेव्हा मी जिन्यात उभी होते. पिशवीत सांजोऱ्या कोंबत मावशी तिला म्हणत होत्या, की पुढच्या खेपेला नानांना मुऱ्हाळी धाडते. ती म्हणाली, नानांना नको, तूच ये न्यायला. बाई कुठे मुऱ्हाळी असते का, असं मावशी म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. “गोष्टी बदलनारी तूच ना,” लेक म्हणाली आणि गाडीत बसली. ती अजूनही त्यांना मावशीच म्हणते. मावशींना तेच आवडतं असं मला वाटतं.

यंदा मावशी गेल्या. स्वतः, सुरतेच्या एस.टी.नं, डोक्यावर पदर आणि पायात मापाची चप्पल. स्टँडवर पोचवायला गेलेले नाना रिकामी पिशवी हातात घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभे होते. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या लेकीला आणि नातीला घेऊन आल्या. गल्लीत बायका बघायला जमल्या, कारण बाईमाणूस मुऱ्हाळी झालेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी मी दार लावून पेपर तपासत बसले होते. मला वाटलं, आता उलथनं वाजेल आणि ताट घ्यायला खाली जावं लागेल. उलथनं वाजलं नाही. जिन्यात पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत, आणि दाराशी मावशी उभ्या राहिल्या. कठड्याला धरून त्या धापा टाकत होत्या. आजवर त्या जिना चढून वर आल्या नव्हत्या. माझ्या हातातला लाल पेन त्यांनी काढून टेबलावर ठेवला. “चाल,” त्या म्हणाल्या, “तुले लेवाले उनू.”

मला न्यायला मुऱ्हाळी आली होती. मी साडी बदलली, आईचे डूल घातले आणि खोलीला कुलूप लावलं, माहेरी जाताना लावतात तसं.